भावाच्या जबड्याचं ऑपरेशन : पायाचं हाड, कॉम्प्युटर प्लॅनिंग आणि दात – सल्ला हवा

कृष्णाकाठची
मंडळी, मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. धाकटा भाऊ, वय ३२, साध्या सुपारीचंही व्यसन नाही. दोन वर्षांपूर्वी खालची डावी अक्कलदाढ दुखते म्हणून काढली, दुखणं थांबलं पण गाल जरा भरल्यासारखा दिसायचा आणि घरात सगळे म्हणायचे लग्न मानवलं. मागच्या महिन्यात दुसऱ्या डेंटिस्टनी ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्सरे) काढला तर दाढांच्या मागे पार कानाच्या दिशेने साबणाच्या फेसासारखे बुडबुडे. बायोप्सी झाली, अमेलोब्लास्टोमा. कॅन्सर नाही हे ऐकून आईने तिथेच हात जोडले आणि पुढच्याच वाक्याला डॉक्टर म्हणाले, जबड्याचा आठ-नऊ सेंटिमीटरचा तुकडा काढावा लागेल.

त्या जागी पायाचं हाड बसवणार, त्यात इम्प्लांट (दाताच्या मुळासारखे टायटॅनियमचे स्क्रू), त्यावर दात, आणि हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून बघणार. त्या प्लॅनिंगचे आणि थ्रीडी प्रिंटिंगचे पैसे वेगळे, आकडा लिहीत नाही पण बरी सेकंडहँड गाडी येईल एवढे. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले कशाला, आम्ही इतकी वर्षं डोळ्यांनी मापूनच हाडं बसवतोय. मामा म्हणतात नुसते पैसे काढायचे धंदे. भाऊ एवढंच विचारतो की भाकरी चावता येईल का. कोणी यातून गेलंय का?

टवाळ_टाळकं
मी मामांच्या पार्टीत. हल्ली सलूनमध्येपण आधी ॲपवर केस कसे दिसतील ते दाखवतात, कापायला शेवटी तीच कात्री. आणि गाठ कॅन्सरची नाही तर नुसती खरवडून काढायची, अख्खा जबडा कशाला कापायचा?

डॉ_हनुवटी
मी याच लाईनमधला आहे, पण रिपोर्ट न बघता बोलतोय हे आधीच सांगतो. ताई, पहिल्यांदा खरवडण्याचं. अमेलोब्लास्टोमा अंगभर पसरणारी गाठ नाही हे खरं, पण हाडाच्या आत ती दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते, जाळीदार हाडात बोटं घातल्यासारखी. खरवडली की परत येते, आणि कधीकधी दहा वर्षांनी येते, तोपर्यंत पेशंट आणि डॉक्टर दोघंही विसरलेले असतात. म्हणून एक्सरेत दिसते त्याच्या पुढे एक-दोन सेंटिमीटर चांगलं हाड घेऊन कापायचं. यात कंजूषी केली तर दुसऱ्या वेळी जास्त जातं. (लहान किंवा एकाच कप्प्याच्या गाठीत कधीकधी कमीवर भागतं, तुमचे बुडबुडे बरेच आहेत असं वाटतंय.)

पायाचं हाड म्हणजे फिब्युला, नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. शरीराचं वजन मुख्यतः नडगी घेते, त्यामुळे याचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. घोट्यापाशी सहा-एक सेंटिमीटर आणि गुडघ्यापाशी थोडं ठेवायचं म्हणजे सांधे हलत नाहीत. गंमत म्हणजे हाडासोबत त्याची स्वतःची रक्तवाहिनी येते, ती मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली शिवायची, म्हणजे हाड जिवंत राहतं. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात टेलर यांनी हे हाड रक्तवाहिनीसकट एका पायातून दुसऱ्या पायात नेलं, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी त्याचा जबडा केला. तेव्हा कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं. म्हणजे ते दुसरे डॉक्टर खोटं बोलत नाहीयेत, डोळ्यांनी मापून हे होतं आणि आजही रोज होतंय.

आता कॉम्प्युटर कशाला. फिब्युला सरळ, काठीसारखं. जबडा वाकलेला. मग काठी पाचरी काढून दोन-तीन ठिकाणी मोडायची आणि वळवायची. पाचरीचा कोन थोडा चुकला की पुढचं टोक बरंच सरकतं, सुताराला विचारा. आणि तुकडे फार छोटेही करता येत नाहीत, साधारण दोन सेंटिमीटरच्या आत गेलात तर त्या तुकड्याचं रक्त जायची भीती. हे सगळं पूर्वी ऑपरेशनच्या टेबलावर, पेशंट झोपलेला असताना, घड्याळ चालू असताना ठरवायचो. आता दोन आठवडे आधी खुर्चीत बसून ठरवतो आणि त्या कोनाचे साचे, म्हणजे कटिंग गाईड, छापून घेतो.

दातकोरणं
डॉक्टरांनी हाडाचंच सांगितलं, दातांचं राहिलं, सर्जन लोकांचं असंच असतं :)
मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणारी डेंटिस्ट. ताई, यातली खरी गोष्ट ही की प्लॅनिंग उलटं करायचं असतं. आधी दात कुठे यायला हवेत ते, वरच्या दातांशी जुळवून. मग दातांच्या खाली इम्प्लांट कुठे, मग इम्प्लांटच्या भोवती हाड कुठे, आणि शेवटी ते हाड पायाच्या कुठल्या इंचातून काढायचं. दातापासून पायाकडे. नुसतं डोळ्यांनी करताना बरेचदा पायापासून दाताकडे जातात, हाड छान बसतं, एक्सरे बघून टाळ्या, आणि सहा महिन्यांनी पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा हाड जिभेकडे सरकलेलं किंवा इतकं खाली की दात लावायचे तर दोन मजले उंच करावे लागतील. मग सांगायची पाळी माझ्यावर येते की काका इथे दात बसत नाहीत.

फिब्युलाची उंची फारतर बारा ते पंधरा मिलिमीटर, दात असलेला खालचा जबडा त्याच्या दुप्पट उंच. हाड खालच्या कडेला लावलं तर चेहरा छान दिसतो पण दात लांब. वर लावलं तर दातांना बरं पण हनुवटीची कड आत जाते. कधी हाड दुमडून एकावर एक दोन थर लावतात, डबल बॅरल म्हणतात त्याला. या भांडणात मधला मार्ग कुठे ते स्क्रीनवर दिसतं, टेबलावर दिसत नाही.

टवाळ_टाळकं
बरं. सुताराचं पटलं. पैशाचं नाही पटलं.

एसटीएल_वाला
पैशाचं मी सांगतो कारण मी तेच काम करतो, पुण्यात, जबड्याचे आणि कवटीचे मॉडेल, गाईड वगैरे. सिटी स्कॅन येतो, त्यातून हाड वेगळं काढायचं, गाठ रंगवायची, चांगल्या बाजूचा आरसा करून वाईट बाजूवर ठेवायचा म्हणजे मूळ आकार कळतो, मग सर्जनबरोबर ऑनलाईन मीटिंग, ते म्हणतात इथून काप तिथून काप, मी पायाचं हाड आणून तिथे वळवतो, रात्री अकराला मीटिंग असते कारण डॉक्टर तेव्हाच मोकळे. सॉफ्टवेअर दोन प्रकारची, बेल्जियमच्या मटेरियलाईजसारख्या कंपन्यांची महाग, आणि थ्रीडी स्लायसरसारखी फुकट. फुकटवालं वाईट नाहीये, शिकायला वेळ लागतो. खर्चात मोठा फरक प्लेटचा, म्हणजे हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचा. बाजारातली सरळ टायटॅनियम प्लेट छापलेल्या जबड्यावर आधीच वाकवून निर्जंतुक करून ठेवली तर खर्च बराच खाली येतो. त्या माणसासाठीच टायटॅनियममध्ये छापलेली प्लेट हवी तर गाडी सेकंडहँडवरून फर्स्टहँडवर जाते. ताई, तुमच्या कोटेशनमध्ये यातलं काय आहे ते लिहून मागा. काही कॉलेजांत स्वतःचा प्रिंटर आहे, तिथे हेच काम नुसत्या रेझिनच्या, म्हणजे छपाईच्या मालाच्या, खर्चात होतं.

आणि एक हात जोडून विनंती. सिटीची सीडी आणा, फिल्म नको. लोक ती मोठी काळी फिल्म गुंडाळी करून आणतात, तिचा मला उपयोग शून्य. आणि स्लाईस एक मिलिमीटर किंवा कमी हवी, आधी सेंटरवर सांगा, पाच मिलिमीटरचा स्कॅन असेल तर जबडा जिन्यासारखा दिसतो. पायाचा अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, पण लागेल.

कृष्णाकाठची
पायाचा अँजिओ कशाला? तेच डॉक्टर पण म्हणाले होते, आम्हाला वाटलं बिल वाढवतायत.

डॉ_हनुवटी
नाही हो, हे बिल वाढवणं नाही. पावलाला रक्त देणाऱ्या तीन वाटा असतात, त्यातली एक आपण हाडाबरोबर नेतो. थोड्या लोकांत उरलेल्या दोन जन्मतः बारीक असतात आणि पाऊल त्या तिसरीवरच जगतं. अशा माणसाची ती काढली तर जबडा वाचेल आणि पाऊल जाईल. हाडाबरोबर कातडीचा तुकडाही नेतो, त्याला येणारी बारीक फांदी कुठे आहे तेही त्याच स्कॅनमध्ये दिसतं.

मावासोडलेला
मी डॉक्टर नाही, पेशंट. २०१६ ला माझा उजवा जबडा काढला, माझा कॅन्सर, माव्याचा. आपल्याकडे २०१२ ला गुटखाबंदी झाली, मी त्यानंतर चार वर्षं मावा खात होतो, टपरीवाला मळून हातात द्यायचा, बंदी कुठे लागली कळलं नाही. माझ्या वेळी छातीचं मांस फिरवून गालात लावलं आणि हाडाच्या जागी नुसती प्लेट. मग ६० ग्रेचं (ग्रे हे डोसचं माप) रेडिएशन, तीस दिवस, सोमवार ते शुक्रवार. दीड वर्षाने प्लेट गालातून बाहेर डोकावायला लागली, काढून टाकली. आता हनुवटी उजवीकडे सरकते आणि तोंड दोन बोटं उघडतं. वरण-भात, खिमट, मिक्सर. दात नाहीत, होणारही नाहीत म्हणाले, रेडिएशन झालेल्या हाडाला भोक पाडलं तर हाड सडायची भीती असते.

हे रडगाणं नाही. मुलीच्या लग्नात पंगतीत सगळ्यांबरोबर बसलो, ताटात सगळं वाढून घेतलं आणि नुसती कढी प्यालो. ताई, भावाला हाड लावून घ्या. नुसत्या प्लेटवर कोणी भागवायला सांगितलं तर पळा.

कृष्णाकाठची
काका, काय लिहू. तुमचा मेसेज भावाला वाचून दाखवला.

पेठकर
मध्येच विचारतो, ते दात त्याच दिवशी लावतात म्हणे, सकाळी जबडा नाही आणि संध्याकाळी दातासकट जबडा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलेला.

दातकोरणं
व्हिडिओ खरा असू शकतो. त्याला जॉ इन अ डे म्हणतात, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या लेव्हिन, हर्श वगैरे मंडळींनी २०१३ च्या सुमारास मांडलं. हाड पायातच असताना, रक्तपुरवठा चालू असताना, गाईडने इम्प्लांट बसवायचे, त्यावर आधीच छापलेले तात्पुरते दात स्क्रूने लावायचे, आणि दातासकट सगळं उचलून तोंडात, वरच्या दातांशी दात जुळवून बांधायचं. म्हणजे दातच हाडाला सांगतात कुठे बसायचं. त्याच्या आधी स्वित्झर्लंडच्या रोहनर यांची पद्धत होती, त्यात इम्प्लांट पायातच बसवून वर कातडी लावून काही आठवडे तसंच ठेवायचे, पायात दातांची मुळं घेऊन माणूस घरी, आणि मग दुसऱ्या ऑपरेशनला वर न्यायचं. ऐकायला विचित्र पण डोकं जबरदस्त.

बाकी टायटॅनियम हाडाला धरतं हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातच कळलं होतं आणि माणसाच्या जबड्यात पहिला इम्प्लांट १९६५ मध्ये. दातांच्या धंद्याचा पायाशी संबंध जुना आहे :)

डॉ_हनुवटी
पण सगळ्यांना नाही हं. अमेलोब्लास्टोमासारख्या गाठीत हे जमतं कारण कुठे कापायचं ते आधी नक्की सांगता येतं आणि नंतर रेडिएशन नसतं. कॅन्सरमध्ये तसं नसतं. प्लॅन होतो आज, गाईड येतं दोन-तीन आठवड्यांनी, तोवर कॅन्सर थांबत नाही. टेबलावर कळतं की अजून एक सेंटिमीटर पुढे कापायला हवं, आणि मग ते सुंदर गाईड कचऱ्यात आणि पुन्हा डोळ्यांनी. म्हणून मी ज्युनियर्सना आधी हाताने शिकवतो. ज्याला गाईडशिवाय येत नाही त्याने गाईड घेऊन करू नये. शिवाय गाईड छापून येत नाही म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन लांबवणं हे तर अजिबात नको.

एसटीएल_वाला
खरंय. एकदा गाईड माझ्याकडून वेळेत गेलं, ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलमध्ये सव्वा महिना पुढे गेली, गाठ वाढलेली, गाईड बसलं नाही. सर्जननी फोटो पाठवला, काही लिहिलं नव्हतं नुसता फोटो. तेव्हापासून मी प्रत्येक केसला दोन मापांची गाईड देतो, एक प्लॅनचं, एक थोडं जास्त कापणारं.

टवाळ_टाळकं
माझा विरोध मागे घेतोय. मामांना पण सांगा. पण योजनेत बसतं का हे?

डॉ_हनुवटी
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये ऑपरेशनचा किती भाग बसतो ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, ॲडमिशनच्या आधी, नंतर नाही. इम्प्लांट आणि प्लॅनिंग वेगळं निघेल असं धरूनच चाला. ताई, अजून एक कोणी सांगितलं नसेल तर, त्या बाजूचा खालचा ओठ बधिर राहील. ओठाला जाणारी नस गाठीतूनच जाते. दाढी करताना जपायचं, चहा गरम आहे ते उजव्या बाजूने बघायचं.

कृष्णाकाठची
(सात महिन्यांनी)
धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनि केले म्हणून.

आम्ही प्लॅनिंग करून घेतलं, प्लेट मॉडेलवर वाकवलेली, छापलेली नाही. एसटीएल_वाला यांनी सांगितलं तसं कोटेशन फोडून मागितलं तर रक्कम जवळपास निम्मी झाली, आणि विचारणारे तुम्ही पहिलेच असं तिथल्या बाई म्हणाल्या. मीटिंगला भावाला पण स्क्रीनवर बसवलं होतं, त्याने स्वतःचा पाय तोंडात जाताना बघितला आणि हसला, महिनाभरात पहिल्यांदा.

ऑपरेशन अकरा तास. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले सगळं मिलिमीटरवर बसलं, दोन तुकडे, चार इम्प्लांट. आम्ही पेढे मागवायच्या बेतात. पहाटे तीनला सिस्टर दर तासाला टोचून रंग बघायच्या तसं बघायला गेली तर कातडीचा तुकडा जांभळा पडलेला. शीर गुठळीने बंद. परत आत नेलं, चार तास, गुठळी काढून पुन्हा शिवली. वाचलं. त्या रात्री कॉम्प्युटर, प्लॅन, मिलिमीटर यातलं काही कामाला आलं नाही, ती सिस्टर जागी होती म्हणून. तिचं नाव इथे लिहीत नाही पण आईने तिला साडी नेसवलीय.

पायाचं म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉकर, दीड महिन्याने मोकळं चालणं. अंगठा नीट वाकत नाही, मांडी घालून बसलं की उठताना धरावं लागतं. ओठ बधिर आहेच, भाताचं शीत चिकटलेलं त्याला कळत नाही, वहिनी खूण करते. आणि एक विचित्र, गालाच्या आतल्या कातडीवर केस येतात, पायाचेच ना ते. दातकोरणं ताई, हे नॉर्मल आहे का?

दातकोरणं
एकदम नॉर्मल, पायाच्या कातडीला कुठे माहीत ती तोंडात आलीय. लेझरने काढतात. केसांपेक्षा कातडी जाड असते त्याचा त्रास जास्त, इम्प्लांटभोवती सुजते, मऊ मऊ मांस वाढतं. दात लावायच्या आधी ती पातळ करून घ्यायला सांगतील, कंटाळा करू नका. आणि छोटा ब्रश, रोज दोनदा, इम्प्लांटच्या खालून. बरेच इम्प्लांट घाण साचून जातात. दात कधी लावणार?

कृष्णाकाठची
कातडी पातळ करून झाली, तात्पुरते दात मागच्या गुरुवारी लागले. तीन महिने मऊच खायचं सांगितलंय. पण खोटं कशाला बोलू, रविवारी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून न घेता तुकडा मोडून खाल्ली त्याने, उजवीकडून नाही, डावीकडून. एकच तुकडा. मग आईने ताट ओढून घेतलं.

मावासोडलेला
वा.

पेठकर
अभिनंदन! आता थोडं विषयांतर. माझ्या सोलापूरच्या आत्येभावाला वरच्या जबड्याला गाठ निघालीय, याच आठवड्यात सिटी केला. पुढे काय करू? फिल्म स्कॅन करून पाठवू का कोणाला?

एसटीएल_वाला
पेठकर साहेब. सीडी. सीडी. सीडी.

पेठकर
सेंटरवाला म्हणतो सीडीचे वेगळे पैसे.

टवाळ_टाळकं
द्या हो, मामांना सांगू नका फक्त.